तितराची हाक आणि सिग्नलवरचा गजरा

'पोलिसांनी सापळा रचला', 'आरोपी अलगद जाळ्यात', 'सावज हेरून लुटायचे'. कुठल्याही दिवशीचा पेपर उघडा, गुन्ह्याच्या बातमीत हे शब्द असतातच. दबा धरणं, माग काढणं, टप्प्यात येणं, ही सगळी शिकारीची भाषा. आपण ती रोज बोलतो. पण ज्यांच्या पोटापाण्याची ही भाषा होती, ती माणसं आज कुठे आहेत?

आपल्या नवी मुंबईत सिग्नलला गाडी थांबली की काचेवर टकटक होते. गजरे, पेनं, फुगे. विकणारे सगळेच नाहीत, पण त्यातली काही कुटुंबं फासेपारधी आहेत. या नावातले फासे जुगाराचे नव्हेत बरं का. दोरीचे फास. तितर, लावा पकडायचे.

त्यांची पद्धत ऐकली की थक्क व्हायला होतं. बारीक काड्यांना फास बांधून त्यांची रांग गवतात लावायची. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवायचा. तो ओरडला की रानातला नर 'माझ्या हद्दीत हा कोण?' म्हणून भांडायला धावत येतो आणि फासात पाय अडकतो. काही जण शिकवलेल्या गायीच्या आडून पाखरांच्या जवळ जायचे. नर कुठला, मादी कुठली, पिलांना बोलावतेय की धोक्याचा इशारा देतेय, हे आवाजावरून ओळखायचं आणि तोच आवाज तोंडाने काढायचा. हे कुठल्या शाळेत शिकवतात सांगा?

अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियात थॉमसव्हिलच्या आसपास, लाव्यांच्या शिकारीसाठी मोठमोठ्या इस्टेटी राखून ठेवल्यात. खेचरांची गाडी, शिकवलेली कुत्री, खास बोली, खास रिवाज. तिथे ती खानदानी परंपरा. पाखरू तसंच, कसबही तसंच. आपल्याकडे मात्र 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पुढे पारध्यांवरही तोच शिक्का बसला. 1952 साली कायदा गेला, शिक्का गेला नाही. राजेरजवाड्यांनी मारलं की शिकार, पारध्याने धरलं की गुन्हा!

आता कमेंटमध्ये येईलच, 'मग काय परत शिकार सुरू करायची?' अजिबात नाही. 1972 चा वन्यजीव कायदा योग्यच आहे, तितर-लावे वाचलेच पाहिजेत. 'पारधी चोऱ्या करतात' हेही कुणीतरी लिहील. ज्याने केली त्याला धरा, आडनावाला धरू नका. माझा मुद्दा वेगळा आहे. कायद्याने फास काढून घेतला, ते बरोबरच. पण त्या बदल्यात हातात काय दिलं? गजरा?

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 साली अशा जमातींची रोजची हजेरी बंद केली, पारध्यांना पहाऱ्याची कामं दिली. मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून पाखरांची नावं ऐकून घेतली, म्हणून ती मराठीला मिळाली. मध्य प्रदेशात पन्नाला पारधी तरुण पर्यटकांना रान दाखवतात, ठसे वाचतात, पाखरांचे आवाज काढून दाखवतात. तेच ज्ञान, फक्त फास नाही.

मग आपण का नाही? 'फ्लेमिंगो सिटी' म्हणून जागोजागी पुतळे उभारले. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 ला झालं, 2022 ला रामसरचा मान मिळाला. पक्षी मोजायला, पाहुण्यांना दाखवायला, पाणथळ जागांवर राखण करायला माणसं लागतातच. खाडीवर कोळी बांधव आणि खारघरच्या डोंगराकडे आदिवासी पाड्यांतली पोरं पहिली हक्काची. त्यांच्याबरोबर शिकायची तयारी असलेल्या पारधी पोरांनाही घ्या. आधी जातीचा दाखला, रेशनकार्ड, शाळेत नाव, यासाठी वॉर्डात एक शिबिर तरी लावा. नगरसेवकांनो, एवढं जमेल ना?

आणि घाई करा. ज्या म्हाताऱ्याला तितराची हाक घालता येते, तो आज पुलाखाली झोपतोय. त्याच्या नातवाला येतो तो फक्त हॉर्नचा आवाज.

पटलं तर आपल्या वॉर्डाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण विषय सोडू नका.