आधी शाळेत घ्या!



निर्वासित मुलांच्या मनाचा विषय निघाला की समुपदेशकांची मागणी होते. समुपदेशक हवेतच. पण उद्या शाळा आहे की नाही, रात्री बाप घरी येईल की नाही, हे ज्या मुलाला ठाऊक नाही त्याला समुपदेशनाचा एक तास किती पुरणार?

कोल्हापूरजवळ वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं. कित्येक मुलांचे आईबाप तिकडेच दगावले. वळिवड्यात त्यांच्यासाठी पोलिश शाळा निघाल्या, चर्च झालं, स्काउटची पथकं जमली, नाटकं बसली. सकाळी घंटेला जायचं ठिकाण, नावानं हाक मारणाऱ्या बाई, आपल्या भाषेत भांडायला सोबती: भेदरलेलं मूल यावरच सावरतं. आपत्तीतल्या मानसिक आधाराची २००७ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही आधी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, मग कुटुंब नि समाजाचा आधार, असंच सांगतात. तज्ज्ञांचे उपचार थोड्यांना लागतात. त्यांना ते मिळालेच पाहिजेत.

आता म्यानमारमधून जीव घेऊन आलेल्या रोहिंग्यांची दिल्ली, हैदराबाद, जम्मूतली मुलं पाहा. आधार कार्ड नाही म्हणून शाळा घेत नाही, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, सरकारी शाळेत प्रवेश मागा, नाकारला तर उच्च न्यायालयात जा. म्हणजे झोपडीतल्या बापाने पोराला पहिलीत घालायला वकील गाठायचा! आणि बाप तरी जागेवर आहे का? जम्मूत मार्च २०२१ मध्ये दीडशेहून अधिक रोहिंग्यांना हिरानगरच्या तुरुंगात डांबलं. त्यानंतर मूल अंथरूण ओलं करू लागलं, पंधरा वर्षांचा पोरगा कुणाच्याही अंगावर धावून जाऊ लागला, तर आपण त्याला आजार म्हणणार?

‘आपल्याच मुलांना पुरत नाही,’ असं म्हणणाऱ्यांनी कायदा वाचावा. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक व्यक्तीला उपचाराचा हक्क देतो. नागरिकत्वाची अट दोन्हींत नाही.

आमची मागणी साधी आहे. कागदपत्रांशिवाय प्रवेश द्या, तसा लेखी आदेश प्रत्येक सरकारी शाळेला पाठवा. मुलांची भाषा जाणणारा माणूस वर्गात ठेवा. गप्प झालेलं मूल ओळखायला आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे पाठवायला शिक्षकांना शिकवा. आईबापांना मुलांपासून तोडून डांबणं थांबवा. आणि तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर पुढच्याच बैठकीत ठराव मांडा: दारात आलेलं कोणतंही मूल परत पाठवणार नाही.