माफी कसली? हिशेब करा!



कर्जमुक्तीचा शब्द काढला की शहरातले अर्थपंडित अंगावर येतात. कर्ज सोडले तर बँका बुडतील, परतफेडीची शिस्त मोडेल, म्हणतात. बँका कोण बुडवतो ते पाहायचे असेल तर त्यांनी आइसलँडकडे पाहावे.

युरोपच्या वायव्येला समुद्रातला हा देश. २००८ साली लोकवस्ती सुमारे ३ लाख २० हजार, आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. ग्लिटनिर, लँड्सबांकी आणि काउप्थिंग या तिथल्या तीन मोठ्या बँका. सरकारी बँका २००३ पर्यंत खाजगी धनिकांना विकून झाल्या होत्या. त्यातली एक मुळात शेतकऱ्यांसाठी काढलेली. ती काउप्थिंगच्या पोटात गेली. मग पाच वर्षांत तिघींनी परदेशातून इतका पैसा उचलला की त्यांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दसपट झाला. ऑक्टोबर २००८ मध्ये एका आठवड्यात तिन्ही कोसळल्या. कोणा मेंढपाळाने हप्ता थकवला म्हणून नव्हे!

सरकारने देशातल्या लोकांच्या ठेवी नव्या बँकांत सांभाळल्या. जुन्या बँकांचे भागधारक आणि परदेशी सावकार यांना तोटा सोसावा लागला.

खरा धडा पुढे आहे. बँकांनी लोकांना गाडी-घरासाठी कर्जे दिली ती देशी क्रोनात, पण मुद्दल बांधले येन आणि स्विस फ्रँकच्या भावाला. क्रोना गडगडला आणि मुद्दल फुगले. हप्ते भरूनही देणे वाढतच गेले. हे दुखणे आपल्याला समजावून सांगायला नको! जून २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बांधणी बेकायदा ठरवली. कायदा २००१ चाच होता. मोडला होता कर्ज देणाऱ्यांनी. व्याज लोकांना भरावेच लागले, पण फुगवलेले मुद्दल उतरले. २०१५ साली काउप्थिंगच्या बड्या अधिकाऱ्यांची तुरुंगाची शिक्षाही त्याच न्यायालयाने कायम केली.

देश बुडाला का? हाल झाले, नाणेनिधीचे कर्ज काढावे लागले, पैसा बाहेर नेण्यावर २०१७ पर्यंत निर्बंध राहिले. पण लँड्सबांकिन, आरिऑन आणि इस्लँड्सबांकी या तीन मोठ्या बँका तिथे आजही चालू आहेत.

त्याच २००८ साली दिल्लीने आपल्याला कर्जमाफी दिली. २ हेक्टरपर्यंत पूर्ण माफी. त्यावर जमीन असेल तर बाकी भरल्यावर थोडी सूट. म्हणजे २ हेक्टर बारमाही बागायतवाला लहान ठरला, आणि ५ हेक्टर कोरडवाहूत कपाशी-ज्वारी पेरून पावसाची वाट पाहणारा मोठा! माफी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कोणाला, किती, केव्हा, सगळे तोच ठरवतो. हिशेबात मर्जी चालत नाही.

म्हणून जिल्हा मेळाव्याला रिकाम्या हाताने येऊ नका. बँकेतून, सोसायटीतून आपल्या कर्जाचा खातेउतारा मागून आणा. मूळ उचल किती, भरले किती, व्याजावर व्याज किती चढले, ते गावागावाने मांडू. जिथे आकारणी नियमाबाहेरची निघेल तिथे लेखी जाब विचारू.

माफी गुन्हेगाराने मागावी. आपण पेरले, पिकवले, पडेल भावात विकले. आपला गुन्हा कोणता?