पाळण्याशेजारचे दुःख

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटेपूर्वी आग लागली. सतरा बालकांपैकी सात वाचली, दहा दगावली. चौकशीअंती कायम सेवेतील अधिकाऱ्यांच्या वाट्याला निलंबन वा बदली आली. कंत्राटी परिचारिकांची मात्र सेवाच संपली. कोणाचा दोष किती, याचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. पण शिक्षेची ही उतरंड विचार करावयास लावणारी आहे.

आग न लागताही या कक्षांत मृत्यू येतच असतो. दीड किलोहून कमी वजनाचे मूल परिचारिका रात्रभर नळीने दूध पाजून जगविते. ते गेले की निर्जीव देह मातेच्या हाती देणारीही तीच, आणि लगेच शेजारच्या पाळण्याकडे वळणारीही तीच. २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक पाळीत तीन-चार खाटांमागे एक परिचारिका हवी. पदे रिक्त ठेवून हा भार दुप्पट केला की तिला शोक करण्यासही उसंत उरत नाही. शिवाय 'हात कमी पडले नसते तर मूल वाचले असते' हा सल आयुष्यभर पुरतो.

भावना आवरून करावे लागणारे काम हेही श्रमच होत, हे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले. आमच्या अर्थसंकल्पात या श्रमाला रकाना नाही. खर्चाची बचत म्हणून मिरविली जाते ती वस्तुतः परिचारिकेच्या मनःस्वास्थ्यातून केलेली उचल असते.

यावर धीराची व्याख्याने आणि योगशिबिरे हा उतारा नव्हे. बालमृत्यूनंतर त्या पाळीतील सर्वांना, डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत, कामाच्या वेळेतच एकत्र बसून बोलता आले पाहिजे. त्या बोलण्याचा चौकशीत पुरावा होता कामा नये. प्रशासनाच्या अंकित नसलेला समुपदेशक, भरपगारी विश्रांती, रिक्त पदांची भरती आणि कंत्राटी सेवेचे कायम सेवेत रूपांतर या मागण्या एकत्रच लढविल्या पाहिजेत.

कार्यकर्त्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. मूल दगावल्यावर संतप्त जमाव रुग्णालयात शिरतो, तेव्हा आपण कोठे उभे असतो? मातापित्यांचा आक्रोश न्याय्यच आहे. पण त्याचा जाब पाळण्याशेजारच्या परिचारिकेला नव्हे, तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवणाऱ्यांना विचारावयाचा आहे. मोर्चा तिकडे वळविणे हे आपले काम आहे.