वीज गेली तरी न पुसणारी स्मृति

उल्हासनगरच्या चौथ्या कँपांत एखाद्याचें बिऱ्हाड शोधावयाचें झाल्यास पत्त्यांतील दोन आंकडे हातीं असले म्हणजे पुरे: बराकीचा क्रमांक आणि खोलीचा क्रमांक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं सैनिकांकरितां उभारलेल्या छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे संसार थाटले गेले आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. पुष्कळ बराकींच्या जागीं आतां इमारती आल्या. तथापि पत्त्यांत जुना क्रमांक टिकून आहे. दोन आंकड्यांनीं हजारों घरांतून एकच घर नेमकें सांपडावें, ही युक्ति यंत्रांच्या स्मृतींतहि वापरलेली आहे. या वेळीं तिचाच विचार करूं.

वीज गेली तरी घरच्या मीटरांतील आंकडा पुसला जात नाहीं. मोबाइल बंद केला तरी त्यांतील छायाचित्रें नाहींशीं होत नाहींत. विजेवांचून टिकणाऱ्या या स्मृतीस आपण स्थिर स्मृति म्हणूं. तिच्यांत सांठवावयाचें तें सर्व 'होय' आणि 'नाहीं' अशा दोनच खुणांनीं लिहिलेलें असतें. खरी अडचण लिहिण्याची नसून कोट्यवधि खुणांपैकीं हवी ती गांठण्याची आहे.

या स्मृतीचा एक जुना नमुना मुंबईंतच घडला. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेंत बनविलेला संगणक १९६० सालीं चालूं झाला व १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. त्याची स्मृति फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कडें एका दिशेनें चुंबकित झालें कीं 'होय', उलट दिशेनें झालें कीं 'नाहीं'. टिफ्रॅकमध्यें चाळीस खुणांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे एकूण सुमारें ८२ हजार खुणा. प्रत्येक कड्यास निराळी तार द्यावयाची तर तारांचें अरण्यच माजेल. म्हणून अशा स्मृतींत कडीं आडव्या-उभ्या तारांच्या जाळींत ओवीत. दोन्ही तारांतून अर्धाअर्धा प्रवाह सोडला कीं, जेथें त्या एकमेकींस छेदतात त्या एकाच कड्यास पुरा प्रवाह लाभतो. ३२ आडव्या व ३२ उभ्या, अशा ६४ तारांनीं १०२४ कडीं गांठतां येतात. मात्र वाचतांना खूण पुसली जाई. ती लगेच पुन्हां लिहावी लागे.

पुढें कड्यांची जागा ट्रान्झिस्टरांनीं घेतली. १९६७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डावोन काहंग आणि सायमन झे यांनीं असा ट्रान्झिस्टर सुचविला कीं, ज्याच्या पोटांत चहूंकडून विद्युत्‌रोधक थरानें वेढलेली एक कुपी असावी. तींत विद्युत्‌भार कोंडला म्हणजे वीज तोडली तरी तो टिकतो. विजेनें पुसतां येणाऱ्या पुढील स्मृतींत प्रत्येक खुणेस साधारणपणें दोन ट्रान्झिस्टर लागत. एक भार राखणारा, दुसरा निवड करणारा. जपानांत तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनीं विचार केला, एकेक खूण निराळी पुसण्याचा हट्टच कां धरावा? आळींतील सर्व पाट्या एकदम पुसल्या तर? दुसऱ्या ट्रान्झिस्टराची गरज सरली. १९८४ सालीं जगापुढें आलेली हीच 'फ्लॅश' स्मृति होय.

१९८७ सालीं त्यांनीं मांडणी आणखी सुटसुटीत केली. बराकींतील प्रत्येक खोलीस बाहेर उघडणारें स्वतःचें दार असतें; पहिल्या प्रकारच्या फ्लॅशमध्यें तशीच सोय होती. उलट जुन्या घरांत ओटी, माजघर, स्वयंपाकघर अशा खोल्या एकीमागून एक असून दारें पुढचें व मागचें अशीं दोनच. नव्या 'नॅन्ड' रचनेंत खुणा अशाच एका ओळींत बसविल्या. दारें वांचलीं, जागा वांचली, मोल उतरलें. पण आंतल्या खोलींत जावयाचें तर मधलीं सर्व दारें उघडावीं लागतात, तसें येथेंहि मधल्या साऱ्या खुणांतून वाट काढावी लागते. आजचीं पेनड्राइव्ह आणि मोबाइलचीं कार्डें बहुशः याच रचनेचीं आहेत.

सुटसुटीतपणाचें मोल कोणास तरी द्यावें लागतेंच. तारा व ट्रान्झिस्टर कमी केल्यावर चुका हुडकून दुरुस्त करणें, झीज सर्वत्र सारखी वांटणें, हीं कामें त्याच कार्डांतील एका नियंत्रकावर पडतात. एकत्र कुटुंबांत चूल एक केल्यानें सरपण वांचतें, पण पाळ्या लावणारें माणूस जागरूक असावें लागतें, तसेंच हें.

आणि 'स्थिर' म्हणजे चिरंतन नव्हे, हें गृहिणींनीं व गृहस्थांनीं विशेष ध्यानांत धरावें. कुपींतील भार वर्षानुवर्षें किंचित् किंचित् झिरपतो. उष्णतेनें व वारंवार लिहिण्या-पुसण्यानें अधिकच. आजोबांचा आवाज, लग्नांतील छायाचित्रें, जमिनीचे कागद एकाच पेनड्राइव्हवर घालून तें कपाटांत ठेवून दिलें म्हणजे ते सुरक्षित झाले, अशी समजूत करून घेऊं नये. प्रती दोन असाव्या, त्या निरनिराळ्या घरीं असाव्या, आणि वर्षांतून एकदां उघडून पाहाव्या. जुन्या पोथ्या वाळवी लागण्यापूर्वीं उतरून काढणाऱ्या आपल्या पूर्वजांस हा नियम सांगावा लागला नव्हता.