रिव्हॅलच्या आधीची बैठक

निकाल किती दिवसांत लागला, यावरच आपल्याकडे परीक्षा विभागाची अब्रू ठरते. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात ३० दिवसांची अपेक्षा आणि ४५ दिवसांची कमाल मुदत आहे. ती परीक्षा विभागाला पाठ असते, विद्यार्थी संघटनांना तर त्याहून जास्त. पण हाच पेपर शेजारच्या टेबलावरच्या परीक्षकाकडे गेला असता तर किती गुण पडले असते, हा प्रश्न निकालाच्या दिवशी मी तरी कुणी विचारलेला ऐकला नाही.

मुंबई विद्यापीठाचं २०१७ साल आठवा. परीक्षा सुरू झाल्यावर ऑनस्क्रीन तपासणीचं कंत्राट दिलं गेलं आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरलं. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. त्या गोंधळावर भरपूर लिहून झालं आहे. माझी तक्रार जरा वेगळी आहे. यंत्रणा आणली ती वेगासाठी, फसल्यावर शिव्या पडल्या त्याही वेगावरूनच. पडद्यावरच्या तपासणीचा खरा उपयोग मात्र दुसराच. तिथे एकच उत्तर दोन परीक्षकांना, एकमेकांचे गुण न दिसता, तपासायला देता येतं. कुणाचा हात सैल आणि कुणाचा आखडता, हे पहिल्या दोन दिवसांतच कळू शकतं. त्या उन्हाळ्यात याचं कुणाला काही पडलं होतं असं दिसलं नाही.

परीक्षकांमधला हा फरक किरकोळ नसतो. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोन संशोधकांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. गुण कुठल्या कुठे गेले. भाषेत असं चालायचंच, असं लोक म्हणाले. मग पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर घेतला. एकाच पेपरला शंभरपैकी तिसाच्या आतले गुण पडले आणि नव्वदीच्या वरचेही. काहींनी फक्त उत्तर पाहिलं होतं, काहींनी पायऱ्यांना गुण दिले होते, आणि अव्यवस्थित आकृतीचे गुण कापायचे की नाही यावर कुणाचं कुणाशी बोलणंच झालं नव्हतं.

आपल्या कॅप सेंटरमध्ये, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र तपासल्या जातात त्या केंद्रात, हेच होतं. आदर्श उत्तरपत्रिका नावाचा कागद असतो, पण त्यात बहुधा मुद्द्यांची यादी असते. पाचपैकी तीन मुद्दे लिहिले आणि एक उदाहरण चुकलं तर किती, याचा निर्णय प्रत्येक जण आपल्या खुर्चीत बसून घेतो. शिवाय माणूस थकतो. लागोपाठ चार उत्तम पेपर वाचल्यावर पाचवा मध्यम पेपर उगीचच वाईट वाटतो. पहिला प्रश्न झकास लिहिणाऱ्याला तिसऱ्यात सूट मिळते. यावर एक फुकटचा उपाय आहे: गठ्ठ्यातला पहिला प्रश्न सगळ्या पेपरांत आधी तपासायचा, मग दुसरा. काही जुने प्राध्यापक असं करतातही. बाकीच्यांना पानं उलटण्याचा कंटाळा येतो. मॉडरेशन आहे ना, असं यावर उत्तर मिळतं. आहे, पण मॉडरेटरचं लक्ष बहुतेक वेळा काठावर नापास झालेल्यांवर आणि अगदी वरच्यांवर असतं. मधल्या ५२ आणि ६१ मधला फरक कोण पाहतो? नोकरीच्या जाहिरातीतली पंचावन्न टक्क्यांची अट तर नेमकी तिथेच आडवी येते.

अंतर्गत गुणांबद्दल काय बोलावं! तिथे एकवाक्यता आहे, कारण काही महाविद्यालयांत सगळ्यांनाच वीसपैकी अठरा.

मग उरतं रिव्हॅल, म्हणजे पुनर्मूल्यांकन. १९८४ साली परितोष शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्य मंडळाची बाजू उचलून धरली: नियमात नसेल तर उत्तरपत्रिका पाहण्याचा किंवा पुन्हा तपासून घेण्याचा हक्क परीक्षार्थीला नाही. पुढे माहिती अधिकाराचा कायदा आला आणि २०११ साली आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच आहे आणि ती विद्यार्थ्याला पाहू दिली पाहिजे. परीक्षकाचं नाव झाकायचं, एवढंच. हा निकाल मोठा होता. तरी आजही फोटोकॉपीसाठी अर्ज, मग पुनर्मूल्यांकनाचा वेगळा अर्ज आणि विषयागणिक शुल्क, ही चढण पैसे आणि चिकाटी असलेलाच चढतो. गुण वाढले तर त्याचे एकट्याचे वाढतात. त्याच परीक्षकाच्या गठ्ठ्यातले बाकीचे तिथेच राहतात. आखडता हात सापडला, तर अख्खा गठ्ठा पुन्हा उघडायला नको का?

म्हणून माझं म्हणणं इतकंच की दुरुस्ती निकालाच्या अलीकडे आणावी. गठ्ठे वाटण्याआधी एका विषयाच्या सगळ्या परीक्षकांना एकत्र बसवा. नावं झाकलेले दहा पेपर प्रत्येकाने स्वतंत्र तपासावेत, मग गुण फळ्यावर लिहावेत आणि जिथे पाच-सहा गुणांचं अंतर पडेल तिथे भांडावं. त्या भांडणातून ठरेल ते आदर्श उत्तरपत्रिकेत लिहावं आणि निकालानंतर ती विद्यार्थ्यांसाठी जाहीर करावी. अर्धा दिवस जाईल.

हा अर्धा दिवस कुणाचा, असं प्राध्यापक विचारतील आणि ते बरोबरच विचारतील. अनेक महाविद्यालयांत तपासणीचा मोठा भार सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांवर पडतो. त्यांना दर पेपरामागे मानधन. बैठकीचा मोबदला शून्य. फुकट बसा म्हटलं तर ते सही करून उठतील आणि फळ्यावर काहीच लिहिलं जाणार नाही. तेव्हा मानधन द्या. पैसे नाहीत हे कारण विद्यापीठांनी सांगू नये. पुनर्मूल्यांकनाच्या शुल्काचं खातं त्यांच्याकडे आहे, आणि ते मुळात अशा बैठका न झाल्यामुळेच भरतं.