वाइनचे पंचांग आणि त्याचा भुर्दंड

१/
वाइनच्या बाजारात एक पंचांग चालते. अमुक सालची बाटली २०३५ पूर्वी उघडू नये, २०६० पर्यंत ती उत्तम राहील, असे त्यात छातीठोकपणे लिहिलेले असते. लिहिणारे गृहस्थ बहुधा साठीला टेकलेले असतात. २०६० साली त्यांना जाब विचारायला कोण जाणार? आजचा धागा या पंचांगाविरुद्ध आहे. वाइनला कधी ओठ न लावलेल्यांनीही तो वाचावा, कारण खोट्या ठरलेल्या भाकिताचा भुर्दंड कोणी भरायचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

२/
आधी थोडे शास्त्र. लोणचे मुरते तशी वाइनही मुरते, पण सगळी नव्हे. जगात तयार होणारी बहुतांश वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपवण्याची असते. मुरवण्याजोग्या लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या साली-बियांतून उतरलेला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, भरपूर असतो. सोबत आम्लता लागते. बुचातून अत्यल्प प्राणवायू आत झिरपतो, तुरट रेणू एकमेकांना बिलगतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि चव मृदू होते. मात्र तुरटपणा ओसरेपर्यंत फळाचा स्वाद टिकला पाहिजे. या शर्यतीत कोण जिंकेल हे कोवळ्या वाइनच्या एका घोटावरून सांगता येते, असा पंचांगकर्त्यांचा दावा आहे.

३/
२४ मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावे झाकून ठेवल्या. लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची १९७३ ची ‘स्टॅग्ज लीप’ पहिली आली. बोर्दोची १९७० ची ‘मूताँ रॉथशिल्ड’ दुसरी. पांढऱ्या वाइनमध्येही कॅलिफोर्नियाच अव्वल ठरली. मग फ्रान्सच्या कैवाऱ्यांनी शेवटचे अस्त्र काढले: आमची वाइन अजून कोवळी आहे, वीस-तीस वर्षे थांबा, कॅलिफोर्नियाची तोवर मरून जाईल.

४/
जग थांबले. १९८६ साली त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. मग २४ मे २००६, बरोबर तीस वर्षांनी, लंडन आणि नापा येथे दोन परीक्षक मंडळे एकाच दिवशी बसली. पहिल्या पाचांत एकही फ्रेंच वाइन नव्हती. पहिला क्रमांक ‘रिज माँटे बेलो’ १९७१ हिचा, जी १९७६ साली पाचवी आली होती. जिला अल्पायुषी ठरवले तीच सर्वांत टिकली. तीस वर्षे ही भाकिते छापणाऱ्यांपैकी किती जणांनी चूक कबूल केली? त्यांच्या पुढल्या भाकितांचे वजन तसूभरही घटले नाही.

५/
बोर्दोतही हेच. १९७५ चा हंगाम भरपूर तुरट, म्हणून दीर्घायुषी म्हणून वाखाणला गेला. पुष्कळ बाटल्यांत तुरटपणा जागचा हलला नाही, फळ मात्र आटले. १९८२ च्या वाइनबद्दल रॉबर्ट फिनिगनसारखे प्रस्थापित समीक्षक साशंक होते: फार पिकलेली, आम्लता कमी, टिकणार नाही. ती दशकानुदशके टिकली. तिची पाठराखण करणारा मेरीलँडचा वकील रॉबर्ट पार्कर त्यानंतर वाइनजगताचा सम्राट झाला. तो बरोबर होता, हे मान्यच. पण दहा जणांनी दहा भाकिते केली की एखादे खरे ठरतेच, आणि पुढची तीस वर्षे आपण त्या एकाचाच जप करतो.

६/
घोडे नेमके पेंड कुठे खाते? पैशाच्या व्यवहारात. बोर्दोत सुगीनंतरच्या वसंतात पिंपातला अपुरा नमुना समीक्षकांना चाखवला जातो, गुण जाहीर होतात आणि ग्राहक पैसे मोजतो. बाटली हाती यायला आणखी दीड-दोन वर्षे, प्यायच्या योग्य व्हायला कदाचित वीस. शेतमालाच्या सट्ट्यात निदान मुदत तरी ठरलेली असते. येथे विकणारा आज पैसे घेतो, समीक्षक आज मान घेतो, जोखीम तेवढी ग्राहकाकडे. २०१२ साली ‘शातो लातूर’ने (आपल्या लातूरशी संबंध नाही) या आगाऊ विक्रीतून अंग काढून घेतले आणि वाइन पिण्याजोगी झाली की विकू, असे ठरवले. त्यामागे धंद्याचे गणितही असेल. तरी मुरण्याची जोखीम उत्पादकाने आपल्या तळघरात ठेवणे अशक्य नाही, हे सिद्ध झाले.

७/
सर्वांत लाजिरवाणे प्रकरण बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनचे. मर्सो, प्युलिन्यी येथील उत्तम शॅर्डोने दहा-वीस वर्षे सहज मुरते, अशी पिढ्यांची खात्री. १९९६ चा हंगाम तर आम्लतेमुळे विशेष दीर्घायुषी गणला गेला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लोकांनी बाटल्या उघडल्या, तेव्हा काहींतून तपकिरी, मार लागलेल्या सफरचंदाच्या वासाचे पाणी निघाले. एकाच खोक्यातली एक बाटली ताजी, शेजारची मेलेली. वाइन अकाली प्राणवायूला बळी पडत होती.

८/
बोर्दो विद्यापीठात देनी द्युबुर्दियू आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. दोषी रेणूंत एक निघाला सोटोलॉन. मराठी माणसाला तो पूर्वपरिचित आहे: मेथीदाण्याचा वास मुख्यत्वे त्याचाच! फ्रान्सच्या ज्युरा प्रांतात सहा वर्षांहून अधिक काळ पिंपात ठेवलेल्या पिवळ्या वाइनमध्ये हाच सोटोलॉन भूषण मानला जातो. मर्सोत तो मृत्यूचा दाखला. कारणांबद्दल संशयित अनेक: बुचांचा कमीजास्त दर्जा, गंधकाचा कमी केलेला वापर, द्राक्षे हळुवार पिळणारी नवी यंत्रे, गाळ वारंवार ढवळण्याची फॅशन. यांपैकी बऱ्याच गोष्टी सुधारणा म्हणून आल्या होत्या. त्यांची स्तुती करणाऱ्यांना, बाटली मुरायच्या आधीच तिचा परिणाम कळला आहे, असे वाटत होते.

९/
सुरुवातीला उघड बोलायला अनेकांची तयारी नव्हती. ग्राहकांनीच बाटलीनिहाय नोंदी ठेवल्या, एकमेकांना दाखवल्या, तेव्हा प्रश्न झाकणे अशक्य झाले. पुढे काही नामांकित घराण्यांनी बुचाच्या शुद्ध केलेल्या भुग्याची नवी बुचे वापरायला घेतली. ज्यांच्या तळघरात मेलेल्या बाटल्या होत्या त्यांच्या पदरी मात्र बहुधा सहानुभूतीच पडली.

१०/
“वाइन पंचवीस वर्षांनी कशी लागेल” आणि “लोक दहा वर्षांनी काय पितील” ही भाकिते एकाच घराण्यातली. दुसऱ्याचा भुर्दंड तर शेतकऱ्यावर पडतो. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, करसवलती दिल्या. मागणी वाढतच जाणार, असे सांगितले गेले आणि नाशिक परिसरात वाइनची द्राक्षे लागली. वेल फळाला यायला तीनेक वर्षे लागतात. २००८ मध्ये जागतिक मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, कारखान्यांत माल तुंबला. ही द्राक्षे लहान, बियांची, जाड सालीची. मंडईत कोणी घेत नाही. कित्येकांनी वेली उपटल्या. भाकीत करणाऱ्यांचा एक वेलही उपटला गेला नाही.

११/
फ्रान्सलाही हे चुकले नाही. १९६० च्या सुमारास तिथे दरडोई वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन प्यायली जाई. आज त्याच्या निम्मीही नाही. २०२३ साली विकली न गेलेली वाइन नष्ट करण्यासाठी सरकारने २० कोटी युरो बाजूला काढले. काढलेले अल्कोहोल जंतुनाशकात आणि अत्तरात गेले.

१२/
“मुरवणे ही कला आहे, जोखीम तर राहणारच,” असा बचाव होतो. मान्य. मग जोखीम सांगा. गुणांशेजारी त्याच समीक्षकाने वीस वर्षांपूर्वी त्याच शातोबद्दल वर्तवलेली मुदत छापा आणि बाटली प्रत्यक्षात कशी निघाली तेही छापा. बर्गंडीतल्या बोन गावच्या द्राक्षतोडणीच्या तारखांची मालिका १३५४ पासून उपलब्ध आहे. तीवरून दिसते की १९८८ नंतर तोडणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस अलीकडे सरकली आहे. म्हणजे ज्या जुन्या हंगामांशी तुलना करून आजची मुदत सांगितली जाते, ते हवामानच उरलेले नाही. साडेसहाशे वर्षांच्या तारखा जपता येतात, तर वीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे भाकीत जपणे अवघड नसावे.

१३/
पुढील धाग्यात बोर्दोची १८५५ ची प्रतवारी: दलालांनी बाजारभावावरून दोन आठवड्यांत लिहिलेली आणि आजही जवळजवळ तशीच चालू असलेली.