अमेरिकेतील सुरक्षा मंजुरी आणि पूर्वीचे अमली पदार्थ सेवन

सुरक्षा मंजुरी म्हणजे अमेरिकेच्या संघराज्य शासनाने एखाद्या व्यक्तीस गोपनीय माहिती हाताळण्यास पात्र ठरवणे होय. संरक्षण, गुप्तवार्ता व परराष्ट्र व्यवहार या क्षेत्रांतील अनेक पदांसाठी, तसेच शासकीय कंत्राटे घेणाऱ्या खासगी कंपन्यांतील अनेक नोकऱ्यांसाठी ती आवश्यक असते. अर्जदाराने पूर्वी अमली पदार्थांचे सेवन केले असल्यास मंजुरी आपोआप नाकारली जात नाही. सेवनाचा काळ, वारंवारता, परिस्थिती आणि अर्जदाराचा प्रांजळपणा यांवर निर्णय अवलंबून असतो.

कायदेशीर चौकट

१९८८ साली 'नौदल विभाग विरुद्ध ईगन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सुरक्षा मंजुरी हा कोणाचाही हक्क नाही, असे स्पष्ट केले. ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या चौथ्या सुरक्षा निर्देशात १३ मार्गदर्शक तत्त्वे असून त्यांपैकी 'एच' हे तत्त्व अमली पदार्थांविषयी आहे. शंका उरल्यास ती राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने सोडवावी, असे हा निर्देश सांगतो. २००८ सालच्या 'बाँड दुरुस्ती'नुसार अमली पदार्थांचे बेकायदा सेवन सध्या करणाऱ्या किंवा व्यसनाधीन व्यक्तीस मंजुरी देता येत नाही.

मूल्यमापन

'स्टँडर्ड फॉर्म ८६' या प्रश्नावलीत मागील सात वर्षांतील बेकायदा सेवनाची माहिती विचारली जाते. आधीची मंजुरी हाती असताना केलेल्या सेवनास मात्र ही कालमर्यादा नाही. सेवनास बराच काळ लोटला असणे, ते क्वचितच घडलेले असणे, सेवन करणाऱ्यांची संगत सोडणे, पुन्हा सेवन न करण्याची लेखी हमी देणे आणि उपचार पूर्ण करणे या बाबी अर्जदाराच्या बाजूने धरल्या जातात. ठरावीक वर्षांनी दोष पुसला जातो, असा नियम नाही. संपूर्ण व्यक्तीचा साकल्याने विचार केला जातो.

गांजाविषयीचा पेच

कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ साली प्रौढांना गांजाच्या सेवनाची मुभा दिली आणि पुढे अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. तथापि १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजाला पहिल्या अनुसूचीत घातले आणि मंजुरीसाठी संघराज्याचाच कायदा प्रमाण मानला जातो. त्यामुळे राज्यात कायदेशीर असलेली कृती संघराज्याच्या दृष्टीने दोषास्पद ठरते. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी, पूर्वीचे गांजासेवन विचारात घ्यावे, परंतु तेवढ्यावरच निर्णय देऊ नये, असे कळवले. अर्ज केल्यानंतर मात्र सेवन पूर्णतः थांबवणे अपेक्षित आहे. मे २०२४ मध्ये न्याय विभागाने गांजा तिसऱ्या अनुसूचीत हलवण्याचा प्रस्ताव मांडला. परंतु त्या अनुसूचीतील पदार्थांचेही वैद्यकीय चिठ्ठीविना सेवन बेकायदाच असल्याने केवळ अनुसूची बदलल्याने हा पेच सुटत नाही.

माहिती दडवण्याचे परिणाम

सेवन दडवणे हे अनेकदा प्रत्यक्ष सेवनापेक्षा अधिक घातक ठरते. जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा वैयक्तिक वर्तनाविषयीच्या 'ई' तत्त्वानुसार स्वतंत्र दोष आहे, तसेच पाच वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हाही आहे. उलटपक्षी, अमली पदार्थांविषयीच्या विभागात दिलेली खरी उत्तरे पुढील फौजदारी खटल्यात अर्जदाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत, असे आश्वासन प्रश्नावलीतच दिलेले आहे. यामागील तर्क असा की, दडवलेली गोष्ट उघड करण्याच्या धमकीने व्यक्तीवर दबाव आणता येतो. स्वतःहून सांगितलेल्या गोष्टीची धमकी उरत नाही.